बॅकटेस्टवर किती विसंबायचं? सोयाबीन वायद्यापासून निफ्टीपर्यंतचा माझा हिशोब

राळेगावकर_शेती

नमस्कार मंडळी. कापसाचा दुसरा वेचा घरात आला, मजुरांचे पैसे चुकते केले, आता दोन दिवस सवड आहे म्हणून बरेच दिवस मनात असलेलं लिहून काढतो. थोडं लांबेल.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, नऊ एकर, बहुतेक कोरडवाहू, कापूस सोयाबीन तूर. 2019 पासून वायद्याचा, म्हणजे पुढच्या तारखेचा सौदा आजच ठरवलेल्या भावाला करायचा त्याचा, अभ्यास करतो. पहिली सिस्टीम सोयाबीनवरच बनवली, कारण मालाची जाण होती. साधी होती, वीस दिवसांचा उच्चांक मोडला की घ्यायचं, दहा दिवसांचा नीचांक मोडला की बाहेर. एनसीडीईएक्सचे (शेतमालाच्या वायद्यांचा बाजार) जुने भाव रोज रात्री जेवण झाल्यावर स्प्रेडशीटमधे भरायचो, बायको म्हणायची डोळे जातील. भरून झाल्यावर जो आलेख निघाला तो पाहून मला खरंच वाटलं की आता आपल्या घराचं दैन्य फिटते. खऱ्या पैशानं सुरुवात केली 2021 मधे. ऑगस्टमधे दहा हजारावर गेलेलं सोयाबीन आपला माल निघेपर्यंत पाच हजाराच्या आसपास आलं ते सगळ्यांना आठवतंच. आणि मग 20 डिसेंबर 2021 ला बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं सोयाबीनसकट सात शेतमालांचे वायदे बंद केले. आहे ते सौदे फक्त कापायचे, नवीन घ्यायचे नाही. एक वर्षासाठी म्हणाले होते, नंतर मुदत वाढतच गेली.

म्हणजे माझ्या दोन वर्षांच्या रात्री ज्या बाजारावर गेल्या तो बाजारच उरला नाही. बॅकटेस्टमधे, म्हणजे जुन्या भावांवर नियम चालवून पाहिला त्यात, तेजी होती, मंदी होती, अतिवृष्टीचं वर्ष होतं, पण "उद्यापासून हा वायदाच नाही" असा एकही दिवस नव्हता.

मग निफ्टी फ्युचर्सकडे, म्हणजे 50 मोठ्या शेअरांच्या निर्देशांकाच्या वायद्याकडे, वळलो. तिथंही 2010 पासूनचा डेटा घेतला, 96 सौदे निघाले, त्यातले 38 टक्के फायद्याचे, फायदा मोठा नि तोटा लहान. भांडवल तीन लाख धरलं, त्यातली सगळ्यात वाईट घसरण 22 टक्के. समाधान वाटलं. नंतर आला 4 जून 2024, लोकसभेचा निकाल. आदल्या दिवशी निफ्टी 23,264 ला बंद, माझा स्टॉप, म्हणजे तोटा थांबवायला विकायचा भाव, 22,900 ला. मी शेतात वखरणी चालू होती तिथं, विहिरीवरच्या मोटारीच्या कोठीत मोबाईल घेऊन बसलो होतो कारण तिथंच जरा रेंज येते. स्टॉप लिमिटचा लावला होता, म्हणजे ठरवलेल्या लिमिटच्या खाली विकायचं नाही. भाव 22,900 च्या खाली गेला, ऑर्डर जागी झाली, पण तोवर भाव माझ्या लिमिटच्याही खाली निघून गेला आणि ऑर्डर तशीच पेंडिंग. मी बदलायला जातो तर स्क्रीनवर नुसतं चक्र फिरते. कोठीच्या पत्र्यावर चढलो. शेवटी 22,310 ला सुटलो. 590 पॉइंटचा फरक, तेव्हा लॉट (एका सौद्यातली संख्या) 25 चा, म्हणजे 14,750 रुपये फक्त "स्टॉपवर सुटलो असतो" आणि "खरंच सुटलो" यातला फरक. माझ्या शीटमधे त्या दिवसासमोर आजही 22,900 लिहिलेलं आहे, कारण सूत्र तेच सांगते.

माझा प्रश्न सरळ आहे. हे असं कागदावरचं सिम्युलेशन करायचंच कशाला मग? की करायचं पण वेगळ्या कारणासाठी? ज्यांनी खरंच केलंय त्यांनी सांगा.

खारपाणपट्टा

भाऊ, फार प्रामाणिकपणे लिहिलंत. मी दर्यापूरचा, सॉफ्टवेअरमधे आहे, गेली सात आठ वर्षं हेच करतो. आधी एक विचारतो, वीस आणि दहा दिवस हे आकडे कुठून आले? किती जोड्या करून पाहिल्या?

राळेगावकर_शेती

निफ्टीवर वीस नाही, 35 आणि 15 घेतले. सगळं मिळून 140 जोड्या तपासल्या असतील, त्यात हीच सर्वात चांगली निघाली.

खारपाणपट्टा

इथंच गोम आहे. 140 माणसं मैदानात उभी करा आणि प्रत्येकाला दहादा नाणं उडवायला सांगा. नाणी सगळी सारखी, कोणाच्या हातात काही जादू नाही, तरी त्यातल्या सात आठ जणांना दहापैकी आठ किंवा जास्त छापे येतील. आता तुम्ही फक्त त्या आठ जणांकडे पाहिलं तर म्हणाल हा पठ्ठ्या छापे पाडण्यात तरबेज आहे. 140 जोड्यांमधून सर्वात चांगली निवडली की तिच्या आकड्यात सिस्टीमचा गुण किती आणि नशिबाचा भाग किती हे वेगळं करताच येत नाही. तो फायदा पुढं येईल असं धरून चालणं म्हणजे फसगत.

दुसरं, सौदा कोणत्या भावाला धरला? बंद भावाला ना? बहुतेक जण तेच करतात. पण तुमच्या डेटातला एनएसईचा (राष्ट्रीय शेअर बाजार) बंद भाव हा शेवटच्या सौद्याचा भाव नाही, प्रत्येक शेअरचा शेवटच्या अर्ध्या तासातला सरासरी भाव काढून निर्देशांक त्यावरून बनवलेला आहे. म्हणजे साडेतीननंतर कळणारा आकडा पाहून तुम्ही साडेतीनच्या आधी खरेदी केली असं शीट समजते. उद्याचा पेपर आज वाचल्यासारखं आहे ते. दुसऱ्या दिवशीच्या उघडत्या भावाला सौदा धरून पुन्हा चालवा, कितीतरी सिस्टीमी तिथंच गळून पडतात.

आणि एकाच दिवशी टारगेटही (फायद्यात विकायचा भाव) लागलं, स्टॉपही लागला असे दिवस किती आहेत ते मोजा. दिवसाच्या कॅंडलमधे उघडता, वरचा, खालचा नि बंद एवढेच भाव असतात, त्यावरून आधी काय लागलं ते कळत नाही. अशा प्रत्येक दिवशी स्टॉपच आधी लागला असं धरा. त्यातून काही उरलं तर पुढं बोलू.

अकोटचा_म्हातारा

पोरा, मले हे इंग्रजी सिस्टीम फिस्टीम काही समजत नाही, वायद्यात मी कधी गेलो नाही, पन तू जे सांगून रायला ते मले लय ओळखीचं वाटते. बियान्याच्या कंपनीवाले रस्त्याच्या कडेला प्लॉट लावते, काळी भारी जमीन, ठिबक, खताचा डोस बरोब्बर, निंदन वेळेवर. शिवारफेरी ठेवते, जेवन देते, बोंडं मोजून दाखवते. बोंडं खरीच असते, खोटं नाही म्हनत मी. पन माझं वावर हलकं, मुरमाड, पानी फक्त आभायातलं. तेच बियानं माझ्या वावरात तसं येत नाही.

तरी मी शिवारफेरीले जातो. काऊन जातो सांगतो. जे वान तिथं त्या लाडात सुद्धा रोगानं बसलं ते माझ्याकडं त बसनारच, ते मी घेत नाही. एवढं कळते तिथून.

खारपाणपट्टा

काका, यापेक्षा नेमकं उत्तर मला देता आलं नसतं.

वरुडची_ताई

मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. राळेगावकर दादा, तुमच्या 38 टक्क्यांवर एक गणित करून पाहिलं. तोट्याची शक्यता 62 टक्के. कुठल्याही एका सौद्यापासून पुढं सलग सात तोटे यायची शक्यता साडेतीन टक्के येते. ऐकायला कमी वाटते, पण 96 सौद्यांच्या ओळीत सलग सात किंवा आठ तोट्यांची एक रांग येणं हे अगदी सामान्य आहे, न येण्यापेक्षा ती येण्याचीच शक्यता जास्त. आता स्वतःला विचारा, सलग सात वेळा तोटा झाल्यावर आठव्यांदा ऑर्डर टाकायला हात धजेल का? आणि तो नेमका आठवा सौदाच वर्षभराचं भरून काढणारा असला तर?

वर्गात मी मुलांना हे सांगते की निम्मे पैसे गेले तर परत जागेवर यायला शंभर टक्के फायदा लागतो, पन्नास नाही. पोरं दरवेळी दचकतात. माझे यजमान 2020 च्या मार्चमधे असेच अडकले होते. 23 मार्चला निफ्टी एका दिवसात 13 टक्के पडला, बाजार मधेच थांबवावा लागला होता. त्यांच्याकडं नियम होता, लिहिलेला होता, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. पण त्या आठवड्यात त्यांना जेवण जात नव्हतं. नियम मोडून 24 तारखेला सकाळी सगळं विकलं. 23 चा 7,610 हा त्या पडझडीतला सर्वात खालचा बंद होता हे नंतर कळलं. तो कागद अजून तिथंच चिकटलेला आहे. सिम्युलेशनमधे तो आठवडा म्हणजे शीटमधल्या पाच ओळी, स्क्रोल करायला एक सेकंद लागतो.

सरकी_ढेप

मी हिंगणघाटचा, आडत आणि सरकी ढेपेचा धंदा. माझं मत थोडं वेगळं आहे. मला सिम्युलेशनचा फार उपयोग झालाय पण मी त्यातून कमाई किती होईल हे कधी विचारलंच नाही. ढेपेचा वायदा चालू आहे, डिलिव्हरीचं मूळ केंद्र आपलं अकोला, चिन्हातलं शेवटचं एकेएल म्हणजे अकोलाच. माझ्या गोदामात माल पडलेला असते, भाव पडला तर मरण. मी मागच्या आठ हंगामांचे माझ्या खरेदीच्या हातानं लिहिलेल्या वह्या काढल्या आणि वायद्याचे भाव शेजारी मांडून पाहिलं की एवढा माल असताना एवढा वायदा विकला असता तर किती झळ वाचली असती. त्यात कळलं की पूर्ण मालाचा वायदा विकणं चुकीचं, कारण हिंगणघाटचा भाव आणि वायद्याचा भाव सोबत चालत नाहीत, हंगामाच्या सुरुवातीला फरक रुंदावते नि उन्हाळ्यात कमी होते. हे मला वीस वर्षांच्या अनुभवातून आडाख्यानं माहीत होतं पण किती ते माहीत नव्हतं. आकडा समोर आला. निम्म्यापेक्षा थोडा जास्त माल झाकायचा असं ठरवलं, आजही तेच करतो.

पण मर्यादा पण सांगतो. एप्रिल 2020 चं कच्च्या तेलाचं आठवा. 20 एप्रिलला अमेरिकेत मे महिन्याचा वायदा उणे 37.63 डॉलरवर बंद झाला. उणे! आपल्याकडं लॉकडाऊनमुळं एमसीएक्स (तेल, धातू वगैरेच्या वायद्यांचा बाजार) संध्याकाळी पाचला बंद होत होतं आणि पडझड झाली आपल्या रात्री. ज्यांच्याकडं तेजीचे सौदे होते ते टीव्हीवर बघत बसले, विकायला बाजारच उघडा नाही, आणि हिशोब लागला उणे 2,884 रुपये पिंपाला. माझ्या ओळखीतल्या एकाचं घर त्यात गेलं. सांगा, कोणत्या बॅकटेस्टमधे शून्याच्या खालचा भाव होता? पुष्कळ लोकांच्या शीटमधे त भागाकारच चुकला असता.

खारपाणपट्टा

बरोबर. आणि नुसते भाव नाही, बाजार चालायची यंत्रणाच बिघडते त्याचं काय. 24 फेब्रुवारी 2021 ला एनएसई पावणेबाराच्या सुमारास बंद पडलं ते दुपारी पावणेचारला उघडलं, पाचपर्यंत चालवलं. 5 ऑक्टोबर 2012 ला एका चुकीच्या ऑर्डरमुळं निफ्टी काही क्षणांत 5,800 वरून 4,888 वर गेला आणि थोड्या वेळात परत आला. दिवसाच्या डेटात तो 4,888 चा नीचांक दिसते, आणि तुमचं शीट म्हणते की त्या भावाला मी घेतलं. कोणी दिलं असतं?

शेअरवर सिस्टीम चालवणाऱ्यांसाठी अजून एक. आजच्या निफ्टीतल्या 50 कंपन्या घेऊन मागं 2005 पर्यंत तपासू नका. आजची यादी म्हणजे जगलेल्यांची यादी. 2009 च्या जानेवारीत सत्यम कोसळलं, 2020 च्या मार्चमधे येस बँक निर्देशांकातून निघाली. त्या वेळी तुमच्या सिस्टीमनं ते घेतले असते. आज यादीत नाहीत म्हणून शीटमधून तोटाही गायब.

पण मला राळेगावकर भाऊंच्या मूळ प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे, कारण "मग करायचंच कशाला" हे मला पटत नाही. दोन गोष्टी करा. पहिली, तुमचे 96 सौदे चिठ्ठ्यांसारखे मिसळा आणि नव्या क्रमानं लावा, असं हजारदा. प्रत्येक वेळी सर्वात वाईट घसरण किती ते लिहा. इतिहासानं तुम्हाला एकच क्रम दाखवला, तो नशिबानं बरा असू शकते. दुसरी, तुमचा आत शिरायचा नियम काढून टाका, कुठल्याही दिवशी डोळे मिटून घ्या, बाहेर पडायचा नियम तोच ठेवा. हेही हजारदा. आणि बघा तुमची सिस्टीम त्या हजारात कितव्या नंबरवर बसते.

ही मिसळून पाहायची पद्धत शेअर बाजारातली नाही. 1946 साली स्टॅनिस्लॉ उलाम नावाचा गणितज्ञ आजारपणातून उठत होता, एकट्यानं पत्ते खेळत बसायचा. डाव सुटायची शक्यता किती हे गणितानं काढायला गेला तर जमेना, मग त्याच्या डोक्यात आलं की सरळ शंभर डाव मांडावे आणि किती सुटले ते मोजावं. त्यातून मॉन्टे कार्लो पद्धत निघाली, आधी वापरली ती अणुशास्त्रात. स्प्रेडशीटमधलं रॅंड हे फंक्शन घेतलं की तुमच्या घरच्या लॅपटॉपवर होते.

नवखा_वणी

सर्वांना नमस्कार. मी वणीचा, 23 वर्षं, बी.कॉम झालं. हा धागा वाचून घाबरलो म्हणून विचारतो. मी तीन महिने ॲपवर पेपर ट्रेडिंग (खोट्या पैशानं सराव) करतोय, ऑप्शन बाइंग, म्हणजे ठरलेल्या भावाला घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क विकत घेणं, एक लाखाचे 1 लाख 38 हजार झाले. आई तिच्या पाटल्या मोडून पैसे देतो म्हणते, बाबांना अजून सांगितलं नाही. पेपरवर तर डेटा जुना नाही ना, चालू बाजारातच होते, मग ते तरी खरं धरायचं का?

सरकी_ढेप

बाळा, आधी बाबांना सांग. बाकी नंतर.

वरुडची_ताई

हो, आधी घरी बोल. आणि हे तुला घाबरवायला नाही सांगत, सेबीनं सप्टेंबर 2024 मधे तीन वर्षांचा अभ्यास दिला, फ्युचर्स ऑप्शनमधे वैयक्तिक सौदे करणाऱ्या शंभरातल्या 93 जणांना तोटा झाला, एकूण तोटा 1.8 लाख कोटींच्या वर. त्यातल्या किती मुलांनी आधी पेपरवर कमावलं असेल विचार कर.

खारपाणपट्टा

नवखा भाऊ, पेपर ट्रेडिंगचं खोटं कुठं लपते ते सांगतो. ॲप तुला शेवटच्या सौद्याच्या भावाला खरेदी देते, बहुतेक ॲपं तसंच करतात. लांबच्या स्ट्राइकचा, म्हणजे हक्काचा भाव चालू भावापासून दूर असलेला, ऑप्शन बघ, शेवटचा सौदा 5 रुपये, पण आत्ता घेणारा 4 ला उभा आणि विकणारा 6 ला. खऱ्यात तुला 6 ला मिळेल आणि विकताना 4 येतील. पेपरवर तू घेताना नि विकताना दोन्हीकडं 5 धरले. एका फेरीत पाचावर दोन रुपये गेले, अजून ब्रोकरेज आणि कर बाकी आहेत. ऑप्शन विकतानाचा एसटीटी (सौद्यावरचा सरकारी कर) 1 ऑक्टोबर 2024 ला 0.0625 वरून 0.1 टक्के झाला होता, आता जो असेल तोही धर. बँक निफ्टीच्या (बँकांच्या शेअरांचा निर्देशांक) आठवडी एक्स्पायरीवर, म्हणजे दर आठवड्याला मुदत संपणाऱ्या ऑप्शनवर, काही बसवलं असशील तर त्या नोव्हेंबर 2024 मधे बंदच झाल्या.

मागचे तीन महिन्यांचे सौदे लिहून ठेवलेत का? असतील तर एक काम कर. पुढचे दोन आठवडे पेपरवरच, पण प्रत्येक सौद्याच्या वेळी स्क्रीनवरचे दोन्ही भाव वहीत लिही. खरेदी वरच्या भावाला, विक्री खालच्या भावाला, खर्च वजा. मग सांग इथं.

राळेगावकर_शेती

दोन्ही प्रयोग केले. दोन रात्री लागल्या, थ्री फेजची पाळी रात्रीची असल्यानं तसाही हरभऱ्याच्या ओलितासाठी जागाच होतो, मोटार सोडून येऊन बसायचो.

मिसळण्याचा प्रयोग: इतिहासात माझी सर्वात वाईट घसरण 22 टक्के होती. हजार फेऱ्यांमधे निम्म्या वेळी ती 29 टक्क्यांपेक्षा जास्त आली. आणि हजारातल्या पन्नास वेळा 46 टक्क्यांच्या वर. सौदे तेच, एकही बदलला नाही, नुसता क्रम बदलला. आणि हे सगळं जुन्या 25 च्या लॉटवर. नोव्हेंबर 2024 नंतर नव्या करारांचा लॉट 75 झाला होता, म्हणजे मी सिस्टीमला हात न लावता एक लॉट घेतला असता तरी तिप्पट जोखीम झाली असती. तीन लाखात ही सिस्टीम चालवता येत नाही हे मला बॅकटेस्टच्या आलेखानं नाही सांगितलं, या हजार फेऱ्यांनी सांगितलं.

दुसरा प्रयोग जास्त लागला मनाला. डोळे मिटून घेतलेल्या हजार सिस्टीमींपैकी 310 माझ्यापेक्षा चांगल्या निघाल्या. मी 140 जोड्यांतून निवडलेली ती 35 दिवसांच्या उच्चांकाची अट काहीच करत नव्हती. 2010 सुरू होताना निफ्टी 5,200 होता आणि 2024 मधे 23,000 च्या वर गेला, वर जाणाऱ्या बाजारात कोणीही घेतलं असतं तरी फायदाच दिसला असता. बाहेर पडायचा नियम मात्र कामाचा दिसते, तो काढून पाहिला तर घसरणी फार मोठ्या होतात.

म्हणून ठरवलं. फ्युचर्स बंद. निफ्टीचा ईटीएफ (शेअरसारखा विकत मिळणारा निर्देशांकाचा फंड) घ्यायचा, उधारीशिवाय, हातात असेल तेवढ्याच पैशात, आणि बाहेर पडायचा नियम तोच ठेवायचा. स्टॉपचा भाव शीटमधे धरताना आता दरवेळी अर्धा टक्का वाईट धरतो आणि 4 जूनसारख्या दिवसासाठी एक ओळ हातानं घातली, 22,900 खोडून 22,310 लिहिलं.

अकोटचा_म्हातारा

हे बराबर केलं. तीस सालचा सरासरी पाऊस पाहून पेरनीची तारीख काढता येते, पन मधात एकवीस दिवस खंड पडला त सरासरी काय कामाची. खंड किती पडू शकते ते पाहूनच माणसानं बियान्याले किती पैसे टाकाचे ते ठरवाव.

नवखा_वणी

दोन आठवडे झाले म्हणून आलो. 41 सौदे केले, प्रत्येकाचे दोन्ही भाव वहीत लिहिले, वेळ पण लिहिली. ॲपच्या हिशोबानं 6,200 रुपये फायदा. वहीच्या हिशोबानं, वरच्या भावाला घेऊन खालच्या भावाला विकून, खर्च धरून, 3,900 तोटा. नऊ सौद्यांमधे तर विकणारा असा दूर उभा होता की मी खरंच घेतलं असतं का सांगता येत नाही, ते लाल पेनानं लिहिले आहेत. बाबांना सगळी वही दाखवली. ते काही बोलले नाही, एकेक पान वाचलं आणि विचारलं की लाल कशाचं आहे. समजावून सांगितलं.

पाटल्या नाही मोडल्या. राळेगावकर दादा, ते मिसळायचं शीट मिळेल का? मला माझ्या 41 वर चालवून पाहायचं आहे.

राळेगावकर_शेती

41 कमी पडतील, शंभर होऊ दे. शनिवारी कापूस घेऊन वणीच्या मार्केटमधे येतोय, पेनड्राइव्ह आण आणि वही पण आण, ते लाल नऊ मला बघायचे आहेत.